पोथी उघडल्यानंतर

खान्देशात पारायणांना तोटा नाही. सप्ताह बसला की पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे वाचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला होऊन गावजेवण, हा क्रम जळगावच्या केळीच्या पट्ट्यातल्या गावात जसा, तसाच धुळ्याकडच्या कोरडवाहू गावातही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. त्या सात दिवसांत संपवायच्या म्हणजे रोजच्या जवळपास तेराशे. या वेगाने ग्रंथ जिभेवर रुळतो आणि कानात बसतो. पारायणाचे काम तेच आहे. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला अर्धी ओवी ऐकून उरलेली म्हणता येते, ती या पारायणांच्या पुण्याईने.

अडचण नंतर येते. दहा पारायणे झालेल्या माणसाला बाराव्या अध्यायात नेमके काय सांगितले आहे असे विचारले, की गाडी अडते. वाचन पुष्कळ झाले, उकल झाली नाही, ही खंत कीर्तनाला नेमाने बसणाऱ्या अनेकांच्या मनात असते. मग ग्रंथात खोल उतरायचे कसे? त्यासाठी काशी गाठायची गरज नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत धुळे आणि अमळनेर या दोन गावांत या प्रश्नाची उत्तरे लोकांनी प्रत्यक्ष काम करून दिली आहेत. कोणी पोथ्या जमवल्या, कोणी सिद्धान्तावर वाद घातले, कोणी तुरुंगात प्रवचने दिली. त्या सगळ्यांतून निघणारे सार असे, की खोली येते ती एकच ग्रंथ वेगवेगळे प्रश्न घेऊन पुन्हा पुन्हा वाचल्याने. ते प्रश्न कोणते, हे या प्रकरणात पाहू.

पहिला प्रश्न: हा पाठ खरा कोणता?

छापील पुस्तक हाती आले की त्यातले प्रत्येक अक्षर मूळ लेखकाचेच, असे आपण धरून चालतो. पण जुना ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हाताने नकला होत होत. नकलणाऱ्याची नजर एका ओळीवरून तशाच शेवटाच्या दुसऱ्या ओळीवर गेली की मधला मजकूर गळतो. समासात कोणी लिहिलेली टीप पुढच्या नकलेत मुळात शिरते. अनोळखी शब्द दिसला की नकलणारा नकळत ओळखीचा शब्द घालतो. त्यात पोथीत शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली नसते. सगळी ओळ सलग. ती कुठे तोडायची हे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि चुकीच्या जागी तोडली की अर्थ फिरतो.

धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा निघाली. देवांनी गावोगावचे रामदासी मठ पालथे घालून बाडे, पोथ्या आणि कागदपत्रे जमवली. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. समर्थ रामदासांच्या सर्वांत जवळच्या शिष्याने लिहिलेली प्रत म्हणून देवांनी तिच्या आधाराने १९०५ साली दासबोध छापला. त्यांनी जमवलेला संग्रह आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांच्या स्वतःच्या हातचे वाल्मीकी रामायणही तिथेच आहे.

खुद्द दासबोधात पोथी कशी लिहावी यावर एक पूर्ण समास आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. अक्षर वाटोळे, सुटे आणि ठसठशीत असावे, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत ते एकाच टाकाने लिहिल्यासारखे एकसारखे दिसावे, ओळी सरळ असाव्यात, असे समर्थ बारकाईने सांगतात. तरुण डोळ्यांच्या भरवशावर बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच लिखाण वाचायचे असते. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. ब्रह्मज्ञान सांगणारा ग्रंथ कागदाच्या कडांची एवढी काळजी करतो, कारण पाठ बिघडला तर बोध बिघडतो हे त्याला पक्के माहीत आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचेही शेवटचे दिवस धुळ्यातच गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथे वारले आणि पाठोपाठ त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे वारकऱ्यांना ठाऊक असते. राजवाड्यांनी विचारले, त्या शुद्धीपूर्वी ज्ञानेश्वरी कशी होती? बीडकडे सापडलेली एक पोथी एकनाथपूर्व आहे असे मानून त्यांनी १९०९ साली ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पोथीच्या जुनेपणाबद्दलचा त्यांचा दावा सर्वांनी मान्य केला नाही. पण ज्ञानेश्वरीचा अभ्यास त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही, कारण कोणत्या प्रतीवरून बोलता हे सांगणे अभ्यासकांना भाग पडले.

साध्या वाचकाने हस्तलिखितांच्या मागे लागायची गरज नाही. त्याने एवढे करावे, की ज्या ग्रंथाचा अभ्यास करायचा त्याच्या दोन वेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात. ज्ञानेश्वरीची साखरे महाराजांची प्रत आणि राजवाड्यांची प्रत समोरासमोर धरली, की पहिल्याच पानावर फरक दिसू लागतात. जिथे पाठ जुळत नाही तिथे थांबावे. दोहोंपैकी जो पाठ अवघड, अनवट वाटतो तो बहुधा जुना असतो, हा जाणकारांचा ठोकताळा आहे. नकलणारा अवघड शब्द सोपा करतो. सोप्याचा अवघड सहसा करत नाही.

दुसरा प्रश्न: हाच शब्द आणखी कुठे आला आहे?

शब्दाचा अर्थ कोशात मिळतो, पण ग्रंथकाराने तो कोणत्या अर्थाने वापरला हे ग्रंथातच शोधावे लागते. भगवद्गीतेतला 'योग' घ्या. दुसऱ्याच अध्यायात गीता त्याच्या दोन ओळखी देते: एकदा समत्व म्हणून, एकदा कर्मातले कौशल्य म्हणून. सहाव्यात तो दुःखाशी असलेला संबंध तोडणारा ठरतो. एकच अर्थ सगळीकडे चिकटवणाऱ्याला गीता परस्परविरोधी वाटते. सगळ्या जागा एका कागदावर उतरवून काढणाऱ्याला, गीता एकाच गोष्टीच्या निरनिराळ्या बाजू दाखवते आहे, हे कळते.

विनोबांनी १९३०–३१ मध्ये गीतेचे मराठी समश्लोकी रूप 'गीताई' रचले. तेवढ्यावर न थांबता पुढे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांच्यासह गीताईचा शब्दार्थकोश केला. सातशे श्लोकांच्या ग्रंथाला कोश कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण कोणता शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला, हे एकदा मांडले की मनाला येईल तो अर्थ काढण्याची सोय उरत नाही. पंडिता रमाबाईंनीही हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर केले.

वारकरी कीर्तनात ही रीत 'प्रमाण' या नावाने जिवंत आहे. निरूपणाला एक अभंग घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक म्हणण्याला ज्ञानेश्वरीतली ओवी, नामदेवांचा किंवा तुकोबांचा दुसरा अभंग असा आधार द्यायचा. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे पाठांतर करून घेतात, ते यासाठी की प्रमाण वेळेवर ओठांवर यावे. श्रोत्यानेही पुढच्या कीर्तनाला वही न्यावी. बुवांनी कोणत्या ओवीला कोणते प्रमाण दिले ते टिपून घरी ती जागा उघडून पाहावी. प्रमाण खरेच लागू पडते की नुसता शब्द जुळला म्हणून आणले, हे ओळखता येऊ लागले की अभ्यास सुरू झाला म्हणायचे.

तिसरा प्रश्न: हे कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले?

महानुभाव पंथाने या प्रश्नाची शिस्तच बांधली. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी हिंडून गोळा केल्या, त्यांतून 'लीळाचरित्र' झाले. स्वामींची वचने केसोबासांनी 'सूत्रपाठ' म्हणून वेगळी काढली. पण सुटे सूत्र धोक्याचे असते. घाबरलेल्याला दिलेला धीर आणि सर्वांसाठी घातलेला नियम, दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. म्हणून पंथात 'प्रकरणवश' नावाचे लेखन झाले. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाच्या प्रश्नावर उच्चारले गेले, हे त्यात सांगितले आहे. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले. त्या लिपीचा उलगडा करून ते अभ्यासकांना खुले करण्याच्या कामातही राजवाड्यांचा हात होता.

कुराणाच्या अभ्यासातही हाच धागा दिसतो. अक्कलकुवा हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आज नंदुरबारमध्ये आहे. तिथल्या जामिया या मोठ्या मदरशात दूरदूरची मुले कुराण मुखोद्गत करायला येतात. पाठांतरानंतर तफसीर, म्हणजे अर्थविवरण येते. तफसीरमध्ये आयत कोणत्या प्रसंगी अवतरली याचा विचार 'शाने-नुजूल' या नावाने केला जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन परंपरा एकाच नियमावर आल्या, यावरून त्या नियमाचे मोल कळावे.

प्रसंग कळल्यावर सबंध ग्रंथाचा रोख पाहायचा. मीमांसकांनी त्यासाठी सहा खुणा दिल्या आहेत. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट कशाने होतो, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, नवीन काय सांगितले आहे, फळ कोणते म्हटले आहे, स्तुती कशाची केली आहे आणि युक्तिवाद कशाच्या बाजूने आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य ठरवताना याच खुणा लावल्या. दासबोधाला त्या लावून पाहाव्यात. वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या एवढा पसारा पाहून बिचकण्याचे कारण नाही. पहिल्याच समासात समर्थ ग्रंथाचे नाव, त्यात काय सांगितले आहे, कोणत्या ग्रंथांचा आधार आहे आणि वाचून काय मिळेल, हे सगळे सांगून टाकतात. तो समास आणि विसाव्या दशकातला शेवटचा समास आधी वाचला, की मधल्या समासांचा माग काढणे सोपे जाते.

चौथा प्रश्न: याच्या विरुद्ध काय म्हणता येईल?

हा प्रश्न भाविकाला खटकतो. ग्रंथावर आक्षेप घेणे म्हणजे अश्रद्धा, असे वाटते. आपल्याकडचे शास्त्र मात्र आक्षेपाशिवाय पाऊल टाकत नाही. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती अशा पायऱ्यांनी चर्चा जाते. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि ते इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे की प्रतिपक्षाने मान डोलवावी. यहुदी परंपरेत तालमूद शिकणारे दोघे दोघे समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या अर्थावर तुटून पडतात, त्यामागचा हेतूही हाच.

बोरी नदीकाठच्या अमळनेरला या कामासाठी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी वल्लभदास शेठ यांच्या साथीने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. तिथे राहून वेदान्ताचा आणि पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायचा, अशी योजना होती. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. शाळेतली नोकरी त्यानंतरची. घ. र. मलकानी यांनी इथे दीर्घकाळ काम केले. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात काही काळ संचालक होते.

१९३३ साली या मंदिराच्या अभ्यासकांनी एक इंग्रजी पुस्तक काढले. त्याचा विषय एकच: अज्ञान. अद्वैत वेदान्त म्हणतो की ब्रह्म एकच आहे आणि जग वेगळे भासते ते अज्ञानामुळे. मग हे अज्ञान आहे की नाही? आहे म्हणावे तर ब्रह्माशिवाय दुसरी वस्तू मानली जाते. नाही म्हणावे तर जग भासते कशामुळे? मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी या एका संकल्पनेवर आपापली स्वतंत्र मांडणी केली. एका संस्थेत राहून तिघांनी एकच उत्तर दिले पाहिजे, असा आग्रह नव्हता. यांतले मूर्ती पुढे बौद्ध माध्यमिक दर्शनाचे जगन्मान्य अभ्यासक झाले. वेदान्ताच्या अंगणात वाढलेल्या अभ्यासकाला प्रतिपक्षाचे घरही पूर्ण माहीत झाले होते.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'तले सातवे, सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. अज्ञान नावाची काही वस्तू मानणाऱ्यांना ज्ञानदेव तिथे चहूबाजूंनी पेचात धरतात. अज्ञान ज्ञानात राहते म्हणाल तर ज्ञानासमोर ते टिकेल कसे, आणि ज्ञानाशिवाय राहते म्हणाल तर ते आहे हे कळले कोणाला? जे प्रकरण आपण भक्तिभावाने वाचून पुढे जातो, तो मुळात एक चुरशीचा वाद आहे. समोरच्या पक्षाचे म्हणणे ठाऊक नसेल, तर त्यातला निम्मा रस हातून जातो.

पाचवा प्रश्न: हे दुसऱ्याला सांगता येईल का?

समजले की नाही याची खरी परीक्षा सांगताना होते. त्या परीक्षेचा सर्वांत प्रसिद्ध दाखला धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ च्या सत्याग्रहात विनोबा तिथे कैदी होते. जमनालाल बजाज, साने गुरुजी अशी मंडळी सोबत होती. सोबत्यांच्या आग्रहावरून विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, १९ जूनला अठरावा. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले आणि पुढे भारतातल्या बहुतेक भाषांत गेले.

पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाचे दुखणे शोधतात. अर्जुन युद्धाला नकार देतो, तो अहिंसेच्या प्रेमामुळे का? विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशासमोर एक दिवस स्वतःचा मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि त्या दिवशी त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे तसेच झाले आहे. समोर आप्त आले म्हणून त्याला युद्ध वाईट वाटते. त्याला जडला आहे तो मोह. सगळा पहिला अध्याय या एका गोष्टीत उलगडतो. अशी गोष्ट सुचायला ग्रंथ आतबाहेर कळलेला असावा लागतो, आणि सांगताना ती सुचली नाही तर आपले कुठे अडले आहे हेही कळते.

या प्रसंगात साने गुरुजींचे काम तेवढेच मोलाचे आहे. ऐकता ऐकता लिहिणाऱ्याला झोप काढता येत नाही. दासबोधाच्या अठराव्या दशकात समर्थांनी निद्रेवर एक समास आणि श्रोत्यांच्या अवलक्षणांवर दुसरा समास लागोपाठ घातला आहे. जांभया देणारे, डुलक्या घेणारे, कुठे ना कुठे दुखते म्हणून चुळबुळणारे श्रोते त्यांनी नीट पाहिले होते. वही आणि पेन हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

सुरुवात पासष्ट ओव्यांपासून

या पाच प्रश्नांची सवय लावायला लहान ग्रंथ बरा. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे, योगी चांगदेवांच्या नावाचे. त्याच भागात तापीकाठी मेहूणला १२९७ साली मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी परंपरा आहे. त्यांची पालखी दर आषाढीला याच भागातून पंढरपूरला निघते. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले आणि उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्या 'चांगदेव पासष्टी'च्या. अद्वैताचा सगळा सिद्धान्त तेवढ्यात आहे.

पहिल्या आठवड्यात त्या हाताने लिहून काढाव्यात, दोन आवृत्त्या ताडून. दुसऱ्यात दृष्टान्तांची यादी करावी: सोने आणि दागिने, पाणी आणि लाटा, आरसा आणि मुख. प्रत्येक दृष्टान्त सिद्धान्ताच्या कोणत्या अंगासाठी आला ते समोर लिहावे. तिसऱ्यात प्रसंगाचा विचार करावा. चौदाशे वर्षे जगलेला म्हणून ज्याची ख्याती, त्या योग्याला एक कोवळा मुलगा उत्तर देतो आहे. मग त्यात उपदेश किती आणि भेटीची ओढ किती? चौथ्यात आक्षेप घ्यावा. सगळे एकच असेल, तर पत्र लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण? ग्रंथ या आक्षेपाला कुठे उत्तर देतो ते शोधावे. पाचव्यात घरातल्या एखाद्याला ते अहिराणीत किंवा लेवा बोलीत, पोथीतला एकही शब्द न वापरता सांगून पाहावे. जिथे अडेल ती ओवी पुन्हा उघडावी. यानंतर अमृतानुभवाचे सातवे प्रकरण आणि मग ज्ञानेश्वरी घेतली, तर ती पूर्वीची ज्ञानेश्वरी वाटणार नाही.

सप्ताह ज्यांना प्रिय आहे त्यांनी तो जरूर करावा. मात्र सप्ताहाच्या मंडळाने वर्षाच्या उरलेल्या एकावन्न आठवड्यांपैकी पाच आठवडे दहा-बारा जणांची अशी बैठक बसवावी, तिच्यात शंका विचारणाऱ्याला मागे न ढकलता पुढे बसवावे. त्यासाठी मांडव लागत नाही, वर्गणी लागत नाही. दोन पोथ्या, एक वही आणि उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी, एवढ्यावर काम भागते.